दोन रोलरांमधली कमाई

सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी महाराष्ट्रातल्या दुकानदारांना दोन महिन्यांत मराठी पाट्या लावायला सांगितलं. दसरा-दिवाळी तोंडावर आलीच आहे, पाट्या लावायची हीच वेळ, असा न्यायालयाचा सूर होता. कायदा आधीचाच होता. २०२२च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरी पाटीची सक्ती झाली होती आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालणार नाहीत, असंही बजावलेलं होतं. पण मुदत डोक्यावर आल्याशिवाय हलायचं नाही, ही आपली रीत. साहजिकच पाट्या करणाऱ्यांकडे झुंबड उडाली. ‘उद्या द्या’, ‘आज संध्याकाळीच द्या’, ‘प्रिंट ओली असली तरी चालेल, पण द्या’.

त्या घाईचा निकाल आज कुठल्याही बाजारपेठेतून मान वर करून चाललं की वाचता येतो. शेजारशेजारच्या दोन दुकानांवर साधारण एकाच सुमारास लागलेल्या दोन पाट्या असतात. एकीचा लाल रंग अजून लाल आहे, कडा पत्र्याला घट्ट धरून आहेत. दुसरीचा लाल गुलाबीकडे झुकलाय, कोपरे वर वळलेत आणि अक्षरांवर बारीक फोड आलेत. दोन्ही पाट्या विनाइलवरच छापलेल्या असतात, पुष्कळदा एकाच जातीच्या प्रिंटरवर आणि शाईतही फारसा फरक नसतो. फरक पडतो तो छपाईनंतर. प्रिंट कधी, कशी आणि कुठल्या फिल्मखाली लॅमिनेशन मशीनमधून गेली, यावर पाटीचं आयुष्य ठरतं.

पाट्यांच्या दुकानात प्रिंटरचा थाट असतो. तो दर्शनी जागेत असतो, जमलं तर एसीत, त्याच्यावर कापड झाकलेलं. लॅमिनेशन मशीन मात्र मागच्या भिंतीला किंवा पोटमाळ्याच्या जिन्याखाली. त्याच्या टेबलावर पुठ्ठ्याच्या रिकाम्या नळ्या, कटर, चहाचे ग्लास आणि जेवणाचे डबे. प्रिंटर कमावतो आणि हे मशीन त्याची उष्टी काढतं, असा बहुतेक ठिकाणी समज आहे. धंद्याचा हिशेब नीट मांडला तर नफा या मागच्या मशीनवरच टिकतो किंवा तिथेच गळतो, असं दिसतं.

यंत्र साधं, काम नाजूक

रचना अगदी सरळ आहे. एकावर एक दोन रबरी रोलर. वरचा खाली-वर होतो, दोन्ही टोकांना दाब कमीजास्त करायच्या मुठी किंवा चाकं असतात, पायाशी पेडल. वरच्या दांड्यावर पारदर्शक फिल्मचा रोल, त्याला ब्रेक. फिल्मच्या गोंदावरचा कागद सुटून दुसऱ्या दांड्यावर गुंडाळला जातो आणि फिल्म प्रिंटवर बसून पलीकडे निघते. हे झालं कोल्ड लॅमिनेशन. इथे चिकटवण्याचं काम दाब करतो. चांगल्या मशीनचा वरचा रोलर थोडा कोमट होतो, चाळीस-पन्नास अंशांपर्यंत. त्या उबेने गोंद पसरतो आणि हवा कमी अडकते.

पुस्तकांच्या मुखपृष्ठांना, निमंत्रणपत्रिकांना होतं ते थर्मल लॅमिनेशन वेगळं. त्यातला गोंद शंभर अंशांच्या आसपासच्या उष्णतेने वितळून कागदाला धरतो. त्या कामाची बीओपीपी फिल्म आपल्याकडेच, छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज आणि शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतींत कॉस्मो कंपनीच्या कारखान्यांत तयार होते. कागदासाठी ती उत्तम, पण पाटीच्या विनाइलला ती उष्णता सोसत नाही. विनाइल पीव्हीसीचं, गरम झालं की ताणतं आणि आक्रसतं. म्हणून पाट्यांच्या दुकानाला कोल्ड मशीनच लागतं.

पाटीवरची फिल्म तीन कामं करते. उन्हातले अतिनील किरण अडवते, त्यामुळे पिवळा आणि गुलाबी हे सगळ्यांत आधी उडणारे रंग जास्त दिवस तग धरतात. ओरखडे, पुसापुशी, पेट्रोलचा थेंब, फिनाइलचं पाणी शाईपर्यंत पोचू देत नाही. आणि पातळ विनाइलला अंग देते, त्यामुळे लावताना ते हाताला चिकटून गोळा होत नाही.

चोवीस तासांची किंमत

सॉल्व्हंट आणि इको-सॉल्व्हंट शाई हाताला कोरडी लागली म्हणजे वाळली असं नसतं. शाईतलं द्रावण विनाइलच्या पोटात शिरलेलं असतं आणि ते हळूहळू उडून जायला हवं. त्यासाठी निदान चोवीस तास द्यावे लागतात. भगवा, लाल, काळा अशा भरगच्च रंगाच्या पाटीत शाईच जास्त, म्हणून तिला अठ्ठेचाळीस तासही लागतात. तेवढं न थांबता वर फिल्म चढवली की द्रावण आतच कोंडतं. मग ते गोंद मऊ करतं, विनाइल आक्रसतं, कडा सुटतात, फोड येतात. दुकानातून निघताना पाटी सुंदर दिसते, रडगाणं पंधरा दिवसांनी सुरू होतं. तोवर ती क्रेन किंवा शिडी लावून वर गेलेली असते. काढून पुन्हा लावायचा खर्च प्रिंटच्या खर्चाच्या वर जातो आणि तो पाटी करणाऱ्याच्याच खिशातून निघतो.

वाळवायचीही रीत आहे. प्रिंट घट्ट गुंडाळून कोपऱ्यात उभी केली तर चोवीस तास गेले तरी उपयोग नाही, कारण आतल्या वेढ्यांना हवाच मिळत नाही. ती दोरीवर टांगावी, किंवा सैल गुंडाळून टोकावर उभी करावी आणि पंख्याचा झोत वेढ्यांमधून जाऊ द्यावा. लॅटेक्स शाईच्या प्रिंट मशीनमधून बाहेर येतात त्या वाळूनच, त्यांना हा नियम नाही. यूव्ही शाईलाही थांबावं लागत नाही, पण तिचा थर खरबरीत असतो. त्याच्या खोबणीत हवा अडकून चंदेरी ठिपके दिसतात, म्हणून तिथे जास्त दाब आणि कमी वेग लागतो.

घाईच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणणं धंद्यात जड जातं, हे खरं. पण त्यावर उपाय सोपा आहे. प्रिंटच्या कडेला, कापून जाणाऱ्या भागात, छपाईची तारीख आणि वेळ पेनाने टाकायची. मशीनवरच्या पोराला मग कुणाला विचारायला नको आणि मालकालाही विसरायची सोय उरत नाही.

जोडी जुळली पाहिजे

विनाइल तीन जातींचं मिळतं. मोनोमेरिक सर्वांत स्वस्त, ते कालांतराने आक्रसतं. सपाट जागेवर, वर्ष-दोन वर्षांच्या कामाला ठीक. पॉलिमेरिक अधिक स्थिर, नेहमीच्या दुकानपाटीला तेच योग्य. कास्ट विनाइल सर्वांत पातळ आणि महाग, गाडीच्या वळणांवर बसतं ते हेच. फिल्मच्याही याच जाती असतात आणि नियम एकच: जातीला जात लावायची. कास्टवर स्वस्त मोनोमेरिक फिल्म चढवली तर वरचा थर आक्रसतो, खालचा जागचा हलत नाही आणि महागाचं विनाइल स्वस्त फिल्मपायी कडेने सुटू लागतं. पैसे कास्टचे गेले, आयुष्य मोनोमेरिकचं मिळालं.

ग्लॉसी की मॅट, हा प्रश्न आवडीचा नाही, जागेचा आहे. ग्लॉसीने रंग खोल दिसतात, पण समोर ट्यूबलाइट किंवा रस्त्यावरचा दिवा असेल तर अर्धी पाटी चमकाऱ्यात जाते. फोटो काढायच्या बॅकड्रॉपला, दवाखान्यातल्या माहितीफलकाला मॅट बरी. काळ्या मॅटवर मात्र नखाचा ओरखडाही उठून दिसतो. जमिनीवर चिकटवायच्या ग्राफिकला न घसरणारी खास खरखरीत फिल्मच हवी. साधी ग्लॉसी लावणं म्हणजे ओल्या पावसाळी चपलेला आमंत्रण. बारीक भोकांच्या वन वे व्हिजनवर पारदर्शक फिल्म दिली नाही तर भोकांत पाणी आणि धूळ भरते आणि आतून बाहेरचं दिसेनासं होतं.

आणि सगळ्यालाच लॅमिनेशन लागतं असंही नाही. वाढदिवसाचा, सत्काराचा, चार दिवसांच्या सभेचा फ्लेक्स फिल्मविना चालतो. तिथे लॅमिनेशन विकणं म्हणजे गिऱ्हाइकाचा विश्वास विकणं.

कागदाच्या पट्ट्या

लॅमिनेशनमध्ये सुरकुती आली की पहिला दोष फिल्मला दिला जातो, मग माल देणाऱ्या डीलरला. खरा दोष बहुतेक वेळा दाबाचा असतो. पोळी लाटताना एका हाताचा जोर वाढला की ती एका अंगाला पातळ होते, तसंच रोलरच्या डाव्या-उजव्या मुठीचं आहे. एका बाजूला दाब जास्त झाला की प्रिंट तिरकी ओढली जाते आणि पाचव्या-सहाव्या फुटाला तिरकी सळ पडते.

हे तपासायला उपकरण लागत नाही. साध्या कागदाच्या दोन-दोन इंची पट्ट्या कापायच्या. रोलर उचलून डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे एकेक पट्टी अर्धी आत ठेवायची, रोलर खाली घ्यायचा आणि एकेक पट्टी हळूच ओढून पाहायची. तिन्ही पट्ट्यांना सारखाच विरोध लागला पाहिजे. डावी सहज निसटली आणि उजवी फाटली तर उजवी मूठ सैल करायची. मधली सैल, टोकांच्या घट्ट असतील तर दाब गरजेपेक्षा जास्त आहे, रोलर मधून वाकतोय. पाच मिनिटांचं काम. आठवड्याला एकदा, सोमवारी दुकान उघडताना केलं तर महिन्याकाठी कित्येक फूट फिल्म वाचते.

फिल्मचा ब्रेकही असाच बघावा लागतो. फिल्म गुळगुळीत दिसावी म्हणून ब्रेक आवळला तर ती ताणलेल्या स्थितीत चिकटते. रात्रभरात ती पुन्हा मूळ मापाला येऊ बघते आणि सकाळी पाटीच्या चारही कडा वर वळलेल्या सापडतात. फिल्म सळ न पडण्याइतकी ताठ हवी, त्याहून जास्त नाही. अरुंद काम नेहमी रोलरच्या मध्यावरून घालायचं. कडेने घातलं की वरचा रोलर तिरका बसतो.

रोलर बोलतो

रोलरचं रबर हा या मशीनचा जीव. त्यावर ब्लेड ठेवून फिल्म कापायची नाही, हा नियम सगळ्यांना ठाऊक असतो आणि गर्दीच्या दिवशी सगळे मोडतात. एकदा खाच पडली की ती प्रत्येक कामावर उमटते.

डाग कुठून येतोय हे फूटपट्टीने शोधता येतं. समजा रोलरचा व्यास १२ सेंटीमीटर आहे, तर त्याचा घेर सुमारे ३७.७ सेंटीमीटर. पाटीवर एकच खूण दर ३७-३८ सेंटीमीटरला दिसत असेल तर गुन्हेगार तो रोलर. तीच खूण दर १६ सेंटीमीटरला येत असेल तर सुमारे ५ सेंटीमीटर व्यासाचा बारका मार्गदर्शक दांडा तपासायचा. ठिपके कुठेही, कसेही आले तर रोलर निर्दोष आहे, दोष दुकानातल्या धुळीचा.

साफसफाईला धागे न सुटणारं मऊ कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं. वाळलेला गोंद बोटाने चोळून किंवा पॅकिंग टेपच्या चिकट बाजूने उचलायचा. थिनर, पेट्रोल, तारेची घासणी रबराला लावायची नाही. आणि संध्याकाळी शटर ओढण्याआधी रोलर वर उचलायचा. रात्रभर दाबात राहिला तर रबराला चपटा पट्टा पडतो आणि तो आडव्या रेघेच्या रूपात कामावर दिसू लागतो. रोलर बदलायचा खर्च मोठा, उचलायचा खर्च शून्य.

सुरक्षेचंही इथेच सांगायला हवं. फिरत्या रोलरांच्या फटीत बोट गेलं की ओढून सोडवता येत नाही, मशीन उलट फिरवावं लागतं. ओढणी, सैल बाह्या, अंगठ्या, मोकळे केस यांना या मशीनजवळ जागा नाही. बोट आलं की मशीन थांबवणारा सेन्सर ‘मध्येच बंद पडतं’ म्हणून टेप लावून निकामी करणं हा तर सरळ गुन्हाच मानला पाहिजे.

लॅमिनेशन सोडून बाकी सगळं

मशीनचे पैसे खरे वसूल होतात ते लॅमिनेशन नसलेल्या कामांत. सर्वांत मोठं काम सनबोर्डवर, म्हणजे फोमच्या फलकावर, प्रिंट चढवण्याचं. चार बाय आठ फुटांचा बोर्ड हाताने, स्क्वीजीने चिकटवायला दोन माणसं आणि सहज अर्धा तास जातो. एवढं करून मधोमध एखादा बुडबुडा राहतोच आणि मग टाचणीने टोचाटोची सुरू होते. तोच बोर्ड मशीनमधून मिनिटाला एक-दीड मीटर वेगाने दोन-अडीच मिनिटांत पार होतो.

सराईत कारागिराची पद्धत पाहण्यासारखी असते. प्रिंट बोर्डावर ठेवून चारही बाजू मापात आणतो. पुढच्या कडेचा मागचा कागद दोन इंच सोलून उलटा दुमडतो आणि तेवढीच पट्टी बोर्डला चिकटवतो. ती कड रोलरमध्ये देतो, दाब बसला की थांबतो. आता उरलेली सगळी प्रिंट उचलून वरच्या रोलरवरून मागे टाकतो, खालचा कागद मुठीत धरतो आणि पेडल दाबतो. बोर्ड पुढे सरकतो तसा एका हाताने कागद ओढत राहतो. गोंद आणि बोर्ड यांची गाठ फक्त रोलरच्या रेषेवर पडते, त्यामुळे हवेला आत शिरायला जागाच राहत नाही. फट बोर्डच्या जाडीपेक्षा किंचित कमी ठेवायची. पाच मिलिमीटरच्या बोर्डला जास्त आवळलं तर फोम चेपतो आणि कडा बसतात.

दुसरं काम कटिंगच्या अक्षरांचं. प्लॉटरवर कापलेल्या विनाइलवर ट्रान्सफर टेप हाताने चढवताना लांब ओळीत सुरकुत्या पडतात आणि काचेवर लावताना अक्षरं वाकडी होतात. मशीनमधून टेप एकसारखी बसते. रेडियमची कामं करणाऱ्या छोट्या दुकानांना हे विशेष मोलाचं आहे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्या उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावूनच येऊ लागल्या आणि त्यांचं नेहमीचं एक काम कमी झालं. काचेवरची अक्षरं, दवाखान्यांच्या वेळा, ऑफिसांच्या नावाच्या पट्ट्या हे त्यांचं आजचं काम, आणि ते वेगाने व सफाईने व्हायचं तर रोलर हवा.

आणखी कामंही आहेत. कागदी पोस्टरच्या मागे दुहेरी गोंदाची फिल्म चढवून त्याचा स्टिकर करता येतो. सनबोर्ड, अॅक्रिलिक किंवा एसीपी शीटवर साधं पांढरं किंवा रंगीत विनाइल आधीच चढवून ठेवलं की आयत्या वेळच्या पाटीला तयार पाया मिळतो. पुसता येणारी फिल्म लावून शाळांचे, वर्कशॉपचे वेळापत्रक-फलक करता येतात. आणि गावातल्या ज्या प्रिंटवाल्याकडे मशीन नाही, त्याचं काम फुटाच्या भावाने करून देता येतं. मशीन रिकामं उभं राहिलं तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही.

वाया जाणारा मीटर

प्रत्येक वेळी फिल्म लावताना सुरुवातीला नि शेवटी थोडी वाया जाते. दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा मीटर धरला तर कामामागे एक मीटर. १.२७ मीटर रुंदीचा, ५० मीटर लांबीचा रोल घेतला आणि दहा छोटी कामं दहा वेळा केली तर दहा मीटर गेले, म्हणजे रोलचा पाचवा हिस्सा, १३५ चौरस फुटांहून अधिक. तीच दहा कामं दिवसाच्या शेवटी एकापाठोपाठ एक घातली तर एक मीटर जातो. म्हणून लॅमिनेशनची वेळ ठरलेली असावी, दिवसातून एकदा किंवा दोनदा. सुरुवातीला गुळगुळीत पातळ बोर्डचा तुकडा पुढे घातला तर चांगला माल आत जाईपर्यंत फिल्म त्याच तुकड्यावर बसते आणि तो सोलून पुन्हा वापरता येतो.

उरलेल्या तुकड्यांचं काय करायचं, हा प्रश्न पैशांपुरता नाही. विनाइल आणि फिल्मचे कपटे संध्याकाळी दुकानामागे पेटवून देण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर निघतो, डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं तयार होतात आणि तो धूर आधी कामगारांच्याच छातीत जातो. कपटे पेटवायचे नाहीत. ते मुळात कमी करणं हाच खरा उपाय.

हवेचाही हिशेब ठेवावा लागतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात विनाइलमागचा कागद दमट होऊन लाटांसारखा फुगतो आणि रोलरात शिरताच सळ पडते. रोल पिशवीत बंद ठेवावेत आणि वापरण्याआधी काही तास खोलीत उघडे ठेवावेत. मराठवाड्या-विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात उलट त्रास. घर्षणाने स्थिर वीज तयार होते आणि फिल्म धूळ ओढून घेते. फरशी ओल्या फडक्याने पुसून, वरचा पंखा बंद करून मगच काम सुरू करावं. प्रिंट वाळवायचा पंखा वेगळ्या कोपऱ्यात.

बिलावरची ओळ

एवढं सगळं करूनही अनेक दुकानांत बिलावर लिहिलेलं असतं, ‘प्रिंट विथ लॅमिनेशन’, आणि एकच भाव. घासाघीस झाली की पहिला बळी लॅमिनेशनचा जातो. एक तर ते फुकटात दिलं जातं, किंवा गुपचूप हलकी फिल्म वापरली जाते. इथेच मशीनची कमाई संपते. प्रिंट, लॅमिनेशन आणि फिटिंग या तीन ओळी वेगळ्या लिहिल्या की गिऱ्हाइकाला आपण कशाचे पैसे देतोय ते कळतं आणि मालकाला मशीन किती कमावतं ते.

पटवून द्यायला भाषणाची गरज नाही. एक छापील तुकडा घ्यायचा, अर्ध्यावर फिल्म लावायची, अर्धा उघडा ठेवायचा आणि गच्चीवर पश्चिमेच्या उन्हात तारीख टाकून बांधायचा. वर्षभराने तो काउंटरवर ठेवला की दोन भावांतला फरक गिऱ्हाईक स्वतःच्या डोळ्यांनी बघतं.

नवं मशीन घेताना लोक रुंदी आणि किंमत विचारतात. काही हजारांच्या हाताने फिरवायच्या मशीनपासून काही लाखांच्या हवेच्या दाबावर चालणाऱ्या मशीनपर्यंत सगळं मिळतं. पण ज्या दुकानात प्रिंट एक दिवस वाळत नाही, रोलर रात्री उचलला जात नाही आणि बिलात लॅमिनेशनची ओळ नाही, तिथे महागडं मशीनही तोट्यातच जाईल. जिथे या तीन गोष्टी होतात तिथे जुनं, साधं मशीनही वर्षानुवर्षं पोट भरतं.

आणि पाटी करून घेणाऱ्या वाचकालाही एक विनंती. पुढच्या वेळी पाटीची ऑर्डर देताना भाव विचारण्याआधी तीन प्रश्न विचारा: प्रिंट किती तास वाळवणार, विनाइल आणि फिल्म कुठल्या जातीची, आणि बिलात लॅमिनेशन वेगळं लिहून देणार का. सरळ उत्तर मिळालं तर दोन दिवस थांबा आणि सांगितलेला भाव द्या.